वाळू स्वस्त झाली म्हणजे नक्की काय झालं?

अमेरिकेत जमिनीत वाळू पुरण्याचा एक धंदा आहे. एका राज्यातली टेकडी फोडायची, तिची वाळू करायची, ती धुवायची, वाळवायची, चाळायची, मालगाडीत भरून दीड-दोन हजार किलोमीटरवर न्यायची, ट्रकमध्ये ओतायची आणि शेवटी पाण्यात कालवून दोन-तीन किलोमीटर खोल खडकात दाबून टाकायची. तेल वर येतं, वायू वर येतो, वाळू खालीच राहते.

या धंद्याची गोष्ट हल्ली एका ठरावीक चालीत सांगितली जाते. आधी ही वाळू लांबून यायची, महाग पडायची. मग हुशार लोकांनी तेलविहिरींच्या शेजारीच खाणी काढल्या, रेल्वेचं भाडं वाचवलं, भाव पाडला, तेल स्वस्तात निघू लागलं. तंत्रज्ञान, स्पर्धा, कार्यक्षमता, टाळ्या. ही गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे. रेल्वेचा खर्च खरंच वाचला. पण भाव जितका उतरला तितका खर्च उतरला नाही. त्यातला मोठा हिस्सा बिलावरून उचलून अशांच्या अंगावर टाकला गेला, ज्यांच्याकडे उलट बिल पाठवायची काही सोयच नाही. या लेखात मला त्या उरलेल्या अर्ध्या गोष्टीचा हिशेब मांडायचा आहे.

ही कुठली वाळू?

आपल्याकडे वाळू म्हटलं की नदीपात्र, रात्रीचे डंपर, ब्रासचा भाव आणि महसूल पथकावरचे हल्ले आठवतात. ती बांधकामाची वाळू. सिमेंटने नीट धरावं म्हणून तिच्या कणांना कंगोरे असलेले बरे. मी जिच्याबद्दल बोलतोय तिचं बरोबर उलटं आहे. कण जितका गोल, जितका टणक, जितका शुद्ध क्वार्ट्झचा, तितका तिला भाव.

कारण तिचं काम वेगळं आहे. शेल नावाच्या खडकात तेल आणि वायू असतात, पण त्यातली छिद्रं इतकी बारीक असतात की नुसती विहीर खणून काही वाहत येत नाही. म्हणून विहीर आधी उभी खाली न्यायची, मग आडवी वळवून खडकातून दोन-तीन किलोमीटर पुढे न्यायची आणि प्रचंड दाबाने पाणी सोडून खडकाला भेगा पाडायच्या. हेच फ्रॅकिंग. अडचण अशी, की पंप बंद झाला की वरच्या खडकाच्या भाराने भेगा पुन्हा मिटतात. त्या मिटू नयेत म्हणून पाण्यात वाळू मिसळतात. दार लागू नये म्हणून फटीत पाचर ठोकतात, तसे वाळूचे कण भेगांत अडकून बसतात आणि त्यांच्या मधल्या पोकळीतून तेल झिरपत राहतं. कण गोल असले की मधे वाट राहते. टणक असले की दाबाखाली त्यांचं पीठ होत नाही.

युक्ती जुनी आहे. १९४७ साली कॅन्ससमधल्या ह्यूगोटन वायुक्षेत्रात पहिला प्रयोग झाला आणि १९४९ पासून तिचा धंदा सुरू झाला. तेव्हा लागणारी वाळू किरकोळ होती. आज टेक्सासमधली एक लांब आडवी विहीर हजारो टन वाळू गिळते, कित्येकदा दहा हजार टनांच्या घरात. दहा हजार टन म्हणजे आपल्या मापात दोन हजारांहून जास्त ब्रास. एका ट्रकमध्ये वीस-बावीस टन धरले, तर एका विहिरीसाठी साडेचारशे ते पाचशे फेऱ्या. २०१८च्या सुमारास अमेरिकेत वर्षाला दहा कोटी टनांहून जास्त औद्योगिक वाळू-खडी निघत होती आणि त्यातली सत्तर टक्क्यांच्या आसपास एकट्या फ्रॅकिंगला जात होती. काच, ओतकाम, पाणी गाळायचे फिल्टर, हे सगळं उरलेल्यात.

टेकड्या विकणारा प्रदेश

या कामाची सगळ्यात नामांकित वाळू पश्चिम विस्कॉन्सिन, शेजारचा मिनेसोटा आणि इलिनॉय इथली. पन्नास कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. लाटांनी आणि वाऱ्याने कण घासून घासून गोल केले, क्वार्ट्झ सोडून बाकी खनिजं झिजून गेली. धंद्यात या वाळूला ‘नॉर्दर्न व्हाइट’ म्हणतात. पश्चिम विस्कॉन्सिनचा बराच भाग हिमनद्यांच्या तडाख्यातून सुटला. त्यामुळे तिथल्या वालुकाश्माच्या टेकड्या वर उघड्याच राहिल्या. टेकड्यांवर झाडी, खाली मक्याची शेतं आणि गाईंचे गोठे, असा तो मुलूख.

२०१०च्या आधी तिथे अशा मोजक्याच खाणी होत्या. शेल तेलाची लाट आली आणि काही वर्षांत खाणी, धुण्या-वाळवण्याचे कारखाने आणि रेल्वेत माल भरायच्या जागा मिळून संख्या शंभराच्या वर गेली. ट्रेम्पलो, चिपेवा, बॅरन, मन्रो, जॅक्सन या काउंट्यांमध्ये टेकड्या आडव्या झाल्या. ज्याच्या जमिनीत वालुकाश्म होता त्याला आयुष्यात न पाहिलेली रक्कम मिळाली. ज्याची जमीन बांधाला लागून होती त्याला सुरुंग, धूळ, रात्रभराचे दिवे आणि दारावरून जाणारे ट्रक मिळाले. विकणाऱ्याला पैसे घेऊन गाव सोडता येतं. शेजाऱ्याला आपलं घर विकायचं, तर खाणीशेजारचं घर घेणार कोण?

आता भावाकडे बघू. ढोबळमानाने, खाणीच्या दारात चाळीस डॉलरला मिळणारा टन टेक्सासमधल्या विहिरीवर पोचेपर्यंत शंभर डॉलरच्या आसपास जायचा. म्हणजे तेलकंपनी पैसे मोजत होती ते मुख्यतः रेल्वे, साठवण आणि ट्रक यांचे. वाळू हा त्या रकमेतला लहान भागीदार होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरून घडलं.

विस्कॉन्सिनने काय मोजलं याचा एक नमुना सांगतो. मे २०१८ मध्ये ट्रेम्पलो काउंटीतल्या व्हाइटहॉलजवळच्या खाणीत एक कामगार बुलडोझरसकट गाळाच्या तळ्यात घसरला. त्याला वाचवायचं तर तळं रिकामं करणं भाग होतं. सुमारे एक कोटी गॅलन, म्हणजे पावणेचार कोटी लिटरच्या वर गढूळ पाणी सोडून दिलं गेलं आणि ते ओढ्यातून ट्रेम्पलो नदीत गेलं. नदी नारिंगी झाली. माणूस वाचला, आणि ते पाणी सोडण्याचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. माझा मुद्दा त्या दिवसाबद्दल नाहीच. वाळू धुतल्यावर उरणारं ते एक कोटी गॅलन पाणी त्या दिवसापर्यंत कुणाच्याही हिशेबात नव्हतं. टनामागच्या चाळीस डॉलरमध्ये त्या नदीचा एक सेंटही धरलेला नव्हता.

टेक्सासने वाळू ‘शोधली’

पश्चिम टेक्सास आणि आग्नेय न्यू मेक्सिको मिळून पर्मियन खोरं होतं. अमेरिकेचं सगळ्यात मोठं तेलक्षेत्र. गंमत अशी, की त्या खोऱ्याच्या मधोमध, कर्मिट आणि मोनाहान्स या गावांच्या आसपास, वाळूच्या टेकड्याच टेकड्या आहेत. मोनाहान्सला तर वाळूचं सरकारी उद्यान आहे, मुलं तिथे टेकडीवरून घसरगुंडी खेळतात. मग इतकी वर्षं कंपन्या विस्कॉन्सिनहून वाळू का आणत होत्या?

कारण इथली वाळू कमी प्रतीची. कण तेवढे गोल नाहीत, तेवढे टणक नाहीत, विस्कॉन्सिनच्या वाळूपेक्षा कमी दाबाला फुटतात. पण २०१४च्या अखेरीस तेलाचे भाव कोसळले आणि प्रत्येक डॉलर वाचवणं भाग पडलं. त्याच काळात विहिरींची पद्धतही बदलत होती. घट्ट द्रवाऐवजी पातळ पाणी, जाड वाळूऐवजी बारीक वाळू, आणि तीही कितीतरी जास्त. बारीक वाळूच हवी असेल तर शेजारची काय वाईट? जुलै २०१७ मध्ये हाय-क्रश या कंपनीने कर्मिटजवळ पर्मियनमधली अशी पहिली खाण सुरू केली. वर्षभरात आजूबाजूला खाणींची रांगच लागली. एकट्या विंकलर काउंटीत इतकी वाळू निघू लागली, की २०१९-२०पर्यंत खाणीच्या दारातला भाव टनाला वीस डॉलरच्या आसपास घसरला.

आणि आता या यशोगाथेतलं एक पान, जे कुणी वाचून दाखवत नाही. विस्कॉन्सिनच्या खाणी एकामागून एक थंड पडल्या. इमर्ज एनर्जी सर्व्हिसेसने जुलै २०१९ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. दोन बड्या कंपन्यांच्या विलीनीकरणातून २०१८ साली तयार झालेली कोव्हिया जून २०२० मध्ये त्याच वाटेने गेली. आणि कर्मिटची पहिली खाण उघडणारी हाय-क्रश? जुलै २०२०. खाणीला बरोबर तीन वर्षं झाली होती. म्हणजे ज्यांनी वाळू स्वस्त केली त्यांनाच ती स्वस्ताई परवडली नाही. हाय-क्रश काही महिन्यांत कर्ज झटकून पुन्हा उभी राहिली. कंपनीला कायद्याने तशी सोय दिलेली आहे. फुफ्फुसाला ती नाही.

फुफ्फुसांचा कॉलम

क्वार्ट्झची बारीक धूळ, डोळ्याला न दिसणारी, छातीत खोल जाते आणि तिथेच राहते. शरीर तिच्याभोवती व्रण तयार करतं, फुफ्फुस ताठर होत जातं. याचं नाव सिलिकोसिस. यावर औषध नाही. दगडखाणी आणि बोगद्यांत काम करणाऱ्यांचा हा आजार शंभर वर्षांपासून माहीत आहे. त्यामुळे ‘आम्हाला कल्पनाच नव्हती’ ही सबब इथे कुणालाच चालणार नाही.

फ्रॅकिंगच्या जागेवर वाळू ट्रकमधून हवेच्या दाबाने साठवणयंत्रात फुंकली जाते, तिथून पट्ट्यावर पडते, पट्ट्यावरून मिक्सरमध्ये. प्रत्येक टप्प्यावर धुळीचा ढग उठतो. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्थेने, म्हणजे नायॉशने, पाच राज्यांतल्या अकरा जागांवर कामगारांच्या श्वासाजवळच्या हवेचे ११६ नमुने घेतले. जून २०१२ मध्ये नायॉश आणि कामगार-सुरक्षा खातं ओशा यांनी मिळून धोक्याचा इशारा प्रसिद्ध केला. ४७ टक्के नमुने ओशाच्या तेव्हाच्या कायदेशीर मर्यादेच्या वर होते. नायॉशने स्वतः सुचवलेल्या कडक मर्यादेच्या वर ७९ टक्के. आणि ९ टक्के नमुन्यांत धूळ कायदेशीर मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून जास्त. दहापट धूळ असेल तर कामगारांना मिळणारा साधा अर्धा मास्कही पुरत नाही.

इतकं कळल्यावर काय झालं? ओशाने नवा नियम आणला तो मार्च २०१६ मध्ये: आठ तासांच्या सरासरीत घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम, त्याहून जास्त नाही. इतर उद्योगांना यंत्रसामग्री बदलायला जून २०१८ची मुदत मिळाली. फ्रॅकिंगला धूळ आटोक्यात आणणारी यंत्रं बसवायला जून २०२१. इशारा २०१२चा, यंत्रं २०२१ची. मधली नऊ वर्षं म्हणजे शेल तेलाची सगळ्यात मोठी भरती. त्याच काळात विहिरीमागची वाळू कितीतरी पट वाढली, आणि बारीक झाली.

आता यातली सगळ्यात बोचरी गोष्ट. साधारण २०२० नंतर पर्मियनमध्ये ओली वाळू वापरायची पद्धत आली. वाळू वाळवायला वायू जाळावा लागतो, भट्टी लागते. विहिरीत तर ती पाण्यातच कालवायची असते, मग वाळवा कशाला? न वाळवता पाठवली की खर्च वाचतो. आणि ओली वाळू धूळ उडवत नाही. म्हणजे कामगाराच्या छातीत जाणारी धूळ कमी करणारा उपाय इतका साधा होता. तो आला तोही टनामागे काही डॉलर वाचतात म्हणून. फुफ्फुसं वाचली तर ती हिशेबाच्या बाहेर, फुकटात, योगायोगाने. ज्या व्यवस्थेत माणूस वाचणं हा योगायोग असतो, तिला मी कार्यक्षम म्हणायला तयार नाही.

सरड्याचा कॉलम

कर्मिट-मोनाहान्सच्या त्या टेकड्या ओसाड नव्हत्या. तिथे गुडघ्याएवढी ओकची झुडपं वाढतात. झुडूप लहान, पण मुळांचं जाळं वाळूत दूरवर पसरलेलं, आणि तेच टेकडीला धरून ठेवतं. या झुडपांमधल्या वाळूच्या खळग्यांत एक छोटा, मातकट सरडा राहतो. ड्यून्स सेजब्रश लिझर्ड. या आणि शेजारच्या आग्नेय न्यू मेक्सिकोतल्या अशाच टेकड्या सोडून तो जगात दुसरीकडे कुठे राहत नाही.

२०१० मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने त्याला संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घालायचा प्रस्ताव मांडला. तेलकंपन्यांनी ओरड केली. २०१२ मध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला, कारण राज्यं आणि जमीनमालक यांच्यात संवर्धनाचे ऐच्छिक करार झाले होते. ते करार तेलविहिरी आणि रस्ते डोळ्यासमोर ठेवून लिहिलेले होते. वाळूच्या खाणींचा त्यात विचारच नव्हता, कारण तेव्हा तिथे कुणी वाळू काढत नव्हतं. पाच वर्षांनी खाणवाले आले ते थेट टेकडी उचलूनच न्यायला लागले. सरडा यादीत आला मे २०२४ मध्ये, पहिल्या प्रस्तावानंतर चौदा वर्षांनी. त्याविरुद्धही टेक्सास राज्य कोर्टात गेलं.

सरड्याचं काय घेऊन बसलात, असं म्हणणारे आहेत. ठीक, सरडा बाजूला ठेवा. झुडूप गेलं की त्या टेकडीला धरून ठेवणारं काही उरत नाही. खाण संपल्यावर तिथे जे उरेल ते पुन्हा जागेवर बसवायचा खर्च विसाच्या भावात धरलेला आहे का, एवढं सांगा.

माझ्या धंद्याची भाषा

मी सॉफ्टवेअर लिहितो. माझ्या धंद्यात या सगळ्याला एक गोंडस शब्द आहे: ऑप्टिमायझेशन. इंजिनीअरिंगला असताना आपण सगळ्यांनी तो पेपर दिलेला असतो. वर एक फंक्शन असतं, जे कमीत कमी करायचं. खाली अटी असतात, ज्या मोडायच्या नाहीत. बाकी काम सॉल्व्हर करतो. सॉल्व्हर दुष्ट नसतो. फक्त ज्याला तुम्ही शून्य किंमत दिली आणि ज्याच्यावर अट घातली नाही, ते तो वाटेल तितकं वापरतो. कारण त्याच्या दृष्टीने ते फुकट असतं.

आता वाळूच्या गोष्टीकडे या नजरेने बघा. फंक्शन एकच: विहिरीवर पोचलेल्या टनाची किंमत. रेल्वेला किंमत होती, म्हणून सॉल्व्हरने रेल्वे काढून टाकली. कणाच्या प्रतीला किंमत कमी होती, म्हणून प्रत उतरवली. धुळीवर अट होती ती सैल, आणि ती कडक व्हायला नऊ वर्षं लागली, म्हणून धूळ वापरून घेतली. टेकडीला शून्य किंमत होती, म्हणून टेकडी घेतली. २००५च्या ऊर्जा कायद्याने तर डिझेल सोडून फ्रॅकिंगमध्ये वापरले जाणारे बाकी द्रव पिण्याच्या पाण्याच्या कायद्यातूनच वगळले होते, म्हणजे एक अख्खी अट खोडून टाकली होती. जे उत्तर आलं ते गणिताप्रमाणे अगदी बरोबर आलं. प्रश्न कुणी लिहिला, हे विचारायचं राहिलं.

‘लास्ट माइल’ हा शब्द तुम्ही दहा मिनिटांत येणाऱ्या किराण्यामुळे ओळखता. वाळूच्या धंद्यातही हाच शब्द आहे. खाणीपासून विहिरीपर्यंतचा ट्रकचा प्रवास म्हणजे लास्ट माइल. तिथेही ॲप आहेत, नकाशावर सरकणारे ठिपके आहेत, ‘ट्रक किती मिनिटं उशिरा’ सांगणारे डॅशबोर्ड आहेत. पर्मियनमधून जाणाऱ्या २८५ क्रमांकाच्या महामार्गाला लोक ‘डेथ हायवे’ म्हणतात. तेलक्षेत्राची ही अवजड वाहतूक मूळच्या साध्या ग्रामीण रस्त्यावर आली, म्हणून. डॅशबोर्डवर ठिपका हिरवा किंवा लाल होतो. झोप न झालेल्या ड्रायव्हरसाठी तिसरा रंग अजून कुणी मागितलेला नाही.

गवारीची आठवण

हे सगळं लांबचं वाटत असेल तर गवारीकडे या. वाळू जड असते, साध्या पाण्यात ती तळाला बसते. ती भेगांपर्यंत तरंगत जावी म्हणून पाणी घट्ट करायचं, आणि त्यासाठी जुना, उत्तम पदार्थ म्हणजे गवार गम. आपल्या भाजीतल्या गवारीच्याच बियांचा. जगातली बहुतेक गवार भारतात पिकते, त्यातही सगळ्यात जास्त राजस्थानात.

शेलची लाट आली तेव्हा वर्ष-दीड वर्षात गवारीचा भाव दसपटीच्या आसपास गेला. मार्च २०१२ मध्ये फॉरवर्ड मार्केट्स कमिशनला गवारीचे वायदे थांबवावे लागले. ते पुन्हा सुरू झाले मे २०१३ मध्ये. त्या भावाकडे बघून शेतकऱ्यांनी पेरा वाढवला. तोवर अमेरिकेतल्या कंपन्यांनी साठे करून ठेवले होते, पर्यायी रसायनं शोधली होती आणि पातळ पाण्याच्या पद्धतीकडे मोर्चा वळवला होता. भाव पडला. पाणी पातळ झालं म्हणून गवार नको झाली, आणि त्याच पातळ पाण्याबरोबर बारीक, स्थानिक वाळू चालू लागली म्हणून विस्कॉन्सिन नको झालं. बिकानेरकडचा गवार पिकवणारा आणि ट्रेम्पलोतला टेकडी विकणारा एकमेकांना ओळखत नाहीत. एकाच स्प्रेडशीटच्या दोन ओळी मात्र दोघे आहेत, आणि दोन्ही ओळी एकाच तर्काने खोडल्या गेल्या.

‘पण’वाल्यांना उत्तर

पहिला ‘पण’: स्थानिक वाळूमुळे रेल्वेचं डिझेल वाचलं, ते पर्यावरणाला चांगलंच नाही का? चांगलंच. आणि जानेवारी २०२५ मध्ये कर्मिटकडून न्यू मेक्सिकोपर्यंत जाणारा ‘ड्यून एक्सप्रेस’ हा बेचाळीस मैलांचा, म्हणजे सुमारे अडुसष्ट किलोमीटरचा वाळूचा पट्टा सुरू झाला. त्याने रस्त्यावरचे ट्रक कमी होत असतील तर तेही मला मान्य आहे. पण तो पट्टा बांधणाऱ्यालाही वाळू टेकडीतूनच घ्यायची आहे. वाहतूक सुधारली म्हणून उपसा फुकट होत नाही. उलट चाळीस कोटी डॉलरचा पट्टा टाकला, की तो भरलेला ठेवण्यासाठी अनेक वर्षं उपसत राहणं भाग पडतं.

दुसरा ‘पण’ जास्त वजनाचा आहे. फ्रॅकिंगमुळे वायू स्वस्त झाला, अमेरिकेतली कोळशाची वीजकेंद्रं बंद पडली, उत्सर्जन घटलं. हे खरं आहे आणि ते नाकारणारा प्रामाणिक नाही. फक्त पर्मियनबद्दल बोलताना हा मुद्दा जपून वापरा. तिथे मुख्य पीक तेल आहे, वायू सोबत येतो. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या वाहा या केंद्रावर वायूचा भाव शून्याच्या खाली गेला. म्हणजे ‘घेऊन जा, वर पैसे देतो’ अशी स्थिती. २०२४ मध्येही तेच झालं. न्यायला पाइपलाइन नाही म्हणून बराच वायू जागेवर जाळला जात होता. स्वस्त वाळूने काढलेलं तेल विकायचं, आणि सोबत आलेला वायू पेटवून द्यायचा. यात कोळशाची जागा कोण घेतंय?

तिसरा ‘पण’ आपल्या घरचा: अमेरिकेची भानगड, आपल्याला काय? ३० मार्च २०१८ रोजी लुइझियानातल्या सबीन पास टर्मिनलवरून निघालेलं, गेलच्या दीर्घ मुदतीच्या करारातलं पहिलं द्रवरूप वायूचं जहाज भारतात आलं. ते लागलं रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळला. तेच दाभोळ, जे आपल्या आधीच्या पिढीला एन्रॉनमुळे माहीत आहे. त्यातला कोणता रेणू कोणत्या विहिरीतला, हे कुणी सांगू शकत नाही. पण अमेरिकेतल्या वायूचा मोठा हिस्सा शेलमधून, म्हणजे वाळूने उघड्या ठेवलेल्या भेगांमधून येतो, एवढं नक्की. तेव्हा आपण या साखळीचे गिऱ्हाईक आहोत. ‘अमेरिकन वायू स्वस्त पडतो’ असं आपल्याला सांगितलं जातं, तेव्हा तो कुणामुळे स्वस्त पडतो हे विचारायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे.

मग करायचं काय?

फ्रॅकिंग उद्या बंद करा, अशी माझी मागणी नाही. माझी मागणी त्याहून साधी आहे आणि म्हणूनच तिला जास्त विरोध होईल: ज्या गोष्टींना शून्य किंमत दिली आहे त्यांना किंमत द्या, आणि नंतर वाळू किती स्वस्त उरते ते बघू.

खाणीची जमीन पूर्ववत करायचा पूर्ण खर्च परवानगीच्या वेळीच हमी म्हणून अशा ठिकाणी ठेवा, की कंपनी दिवाळखोरीत गेली तरी तो बुडणार नाही. तीन वर्षांत बुडणाऱ्या कंपनीच्या तोंडी आश्वासनावर टेकडी देऊ नका. धुळीच्या मर्यादेत कुठल्याही उद्योगाला ‘तुमचं काम विशेष आहे’ म्हणून जादा मुदत नको. ज्या उद्योगाकडे तीन किलोमीटर खोल जाऊन आडवं वळायचं तंत्र आहे, त्याला झाकण आणि पाण्याचा फवारा बसवायला इतका वेळ लागत नाही. अधिवासाची पाहणी खाणीच्या आधी हवी, चौदा वर्षांनी नाही. आणि ज्या गावाच्या रस्त्यावरून पाचशे फेऱ्या होणार, त्या रस्त्याचा, त्यावरच्या अपघातांचा पैसा टनाच्या किमतीत धरा.

हे सगळं धरून टनाचा भाव वीसचा चाळीस झाला तर विहिरी थांबतील का? २०२२च्या सुरुवातीला वाळूचा तुटवडा पडला आणि भाव असेच उसळले होते. तेव्हा एकाही कंपनीने ‘परवडत नाही’ म्हणून पर्मियन सोडलं नाही. तुटवड्यासाठी जादा पैसे मोजता येतात, तर माणसाच्या श्वासासाठीही येतात.

आपल्यापैकी बरेच जण अशाच कुठल्या तरी कंपनीसाठी पुण्यात, हिंजवडीत किंवा ह्यूस्टनमध्ये बसून डॅशबोर्ड बनवतात. पुढच्या मीटिंगमध्ये कुणी ‘कॉस्ट टनामागे इतकी कमी केली’ अशी स्लाइड दाखवेल, तेव्हा टाळी वाजवण्याआधी एकच विचारा: कमी झालेली रक्कम कुठे गेली? रेल्वेची वाचली असेल तर छान. धुळीत, नदीत किंवा टेकडीत गेली असेल तर ती कमी झालेली नाही. तिचा कॉलम फक्त तुमच्या शीटमध्ये नाही, आणि तो घालणं आपल्यासारख्यांना दहा मिनिटांचं काम आहे.